काडीमोड आणि सोडलेल्या बायका (बेळगाव सीमाभाग)

काडीमोड म्हणजे पंचांसमक्ष वाळकी काडी मोडून नवरा-बायकोचा संबंध संपवण्याची रूढी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यातल्या शेतकरी, कारागीर आणि मजूर जातींत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्याचा कागद केला तर ती सोडचिठ्ठी किंवा फारकत. काडीमोड झालेल्या बाईला पुन्हा घर करता येई. मराठी घरांत त्याला पाट लावणे किंवा मोहतूर म्हणत, शेजारच्या कन्नड लिंगायत घरांत उडकी. गावाच्या बोलण्यात मात्र अशी बाई ‘सोडलेली’, ‘टाकलेली’ किंवा ‘माहेरी बसलेली’ असते. काडी दोघांची मोडली, तरी पुरुषाला यातला एकही शब्द चिकटत नाही.

या रूढीच्या गाभ्याशी हिशेब होता. कष्टकरी जातींत मुलीच्या बापाला देज मिळे. मुलगी म्हणजे शेतात राबणारे दोन हात, ते हात दुसऱ्या घरी जाणार, म्हणून वरपक्षाने पैसे मोजायचे. लग्न मोडले की कोणी कोणाला सोडले, यावरून पंच देवाणघेवाण ठरवत. बाईने पाट लावायचा असेल तर नव्या नवऱ्याने जुन्याला लग्नाचा खर्च परत करायचा, अंगावरचे डाग, म्हणजे दागिने, ज्याचे त्याला जायचे, मुले बहुधा बापाकडे राहायची. या व्यवहारात बाईचे मन कोणी विचारत असे, असे समजायचे कारण नाही. पण वाट बंद नव्हती. राज्यालाही त्यातून उत्पन्न होते. मराठेशाहीत लग्नावर लग्नटका आणि पाटावर पाटदाम असे कर होते. ज्या गोष्टीवर सरकार नियमाने कर घेते, ती चोरून होत नसणार, हे उघड आहे.

तरीही पाट हे लग्न नव्हे. तो रात्री लागे. कुमारिका आणि सवाष्णी तिथून दूर राहत, वाजंत्री नसे. नव्या जोडप्याचे तोंड सकाळी पाहू नये, अशीही समजूत होती. ‘लग्नाची’ आणि ‘पाटाची’ हा भेद घरात आयुष्यभर टिके. देवकाला, ओटी भरायला, गोंधळाला मान पहिलीचा. खालच्या मानल्या गेलेल्या जाती बायकांच्या बाबतीत मोकळ्या होत्या, असे हल्ली हौसेने लिहिले जाते. त्यांनी बाईला दुसरे घर दिले, पण ते काळोखात दिले, एवढे त्या लिखाणात राहून जाते.

ब्राह्मण आणि त्यांचे वळण उचलणाऱ्या घरांत काडीमोड नव्हतीच. विकल्याने किंवा टाकल्याने बायको नवऱ्यापासून सुटत नाही, असे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहे. शास्त्रे मात्र एकमुखी नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात परस्परांच्या द्वेषामुळे सुटका मिळू शकते, पण धर्मविवाहांना, म्हणजे ब्राह्म वगैरे पहिल्या चार प्रकारच्या लग्नांना, ती लागू नाही. नवरा बेपत्ता, मृत, संन्यासी, नपुंसक किंवा पतित झाला तर बाईला दुसरा नवरा करता येतो, असा श्लोक नारद आणि पराशर या दोन्ही स्मृतींत आहे. व्यवहारात मनूचे चालले. नवऱ्याने दुसरी आणावी आणि पहिलीने माहेरच्या माजघरात कुंकू लावून दिवस काढावेत. ही बाई विधवा नव्हती, सवाष्णही धड नव्हती. विधवांसाठी १८५६ मध्ये पुनर्विवाहाचा कायदा झाला, हिच्यासाठी कोणी काही केले नाही.

१८१८ नंतर हा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. दख्खनमधल्या जातींच्या चालीरीतींची आर्थर स्टीलने केलेली जंत्री १८२७ मध्ये छापली गेली. तीत कोणत्या जातीत पाट चालतो, सोडचिठ्ठी कशी देतात, हे नोंदले आहे. म्हणजे इंग्रजांना रूढी ठाऊक होती. पण उच्च न्यायालयाला ती रुचली नाही. नवऱ्याच्या संमतीवाचून त्याला सोडून दुसरे घर करण्याची मुभा देणारी जातीची चाल अनीतीची म्हणून रद्दबातल आहे, असे मुंबईच्या न्यायालयाने १८६४ मध्ये ठरवले. लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही, असे त्याने १८७६ मध्ये सांगितले. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात, त्यामुळे हे निवाडे इथेही लागू. पंचांच्या शब्दावर पाट लावलेल्या बाईवर आता पहिला नवरा जिवंत असताना दुसरे लग्न केल्याचा, म्हणजे दंड संहितेतल्या ४९४ कलमाचा, खटला होऊ शकत होता. पुरुषाला हिंदू कायद्याने कितीही बायका करता येत होत्या, म्हणून हे कलम त्याच्या वाटेला जात नव्हते. नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा असे फर्मावले, तो खटला सगळ्यांना माहीत आहे. गावोगावच्या पाटाच्या बायकांवर या निवाड्यांनी काय सावट आणले, त्याची चर्चा फारशी होत नाही.

संस्थानी हद्दीत वारे वेगळे होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ च्या सुमारास बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध आणि काडीमोडीबाबत कायदे केले. रायबाग तेव्हा कोल्हापूर संस्थानात होते. म्हणजे आजच्या एकाच बेळगाव जिल्ह्यात त्या काळी रायबागच्या बाईला एक कायदा आणि शेजारच्या चिकोडीच्या बाईला दुसरा. इलाख्यात हिंदूंसाठी द्विभार्याप्रतिबंधक कायदा १९४६ मध्ये आणि घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये आला. देशभरासाठी हिंदू विवाह कायदा १९५५ चा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले तेव्हा लग्नाचा कायदा दोन्हीकडे एकच झालेला होता. हद्द बदलल्याने बदलली ती कागदांची भाषा.

समाजाने या बाईला कसे रंगवले, हे पाहायचे तर सौंदत्तीच्या डोंगरावर, यल्लम्माच्या देवळात जावे लागते. यल्लम्मा म्हणजे रेणुका, जमदग्नीची बायको. मलप्रभेवर पाणी आणायला गेली असता जलक्रीडा करणाऱ्या गंधर्वाकडे तिचे लक्ष गेले, कच्च्या घड्यात पाणी ठरेना, आणि नवऱ्याने तिला हाकलले. अंगाला कोड फुटलेली रेणुका रानोमाळ फिरली, जोगुळभावीच्या पाण्यात बरी झाली, घरी परतली आणि तरीही बापाच्या हुकमावरून परशुरामाने तिचे शीर उडवले. सीमाभागात आणि कोल्हापूर-सांगलीकडे घरोघर पुजली जाणारी देवी ही अशी, एका संशयावरून टाकलेली बायको आहे. तिच्या वर्षात मार्गशीर्षातली रांडव पुनव असते, तेव्हा देवीच्या वैधव्यासाठी बांगड्या फुटतात. माघातल्या अहेव पुनवेला ती पुन्हा सवाष्ण होते. या दोन पुनवांत तिच्या वैधव्याला जागा आहे, अहेवपणाला आहे, नवऱ्याने हाकलले त्या दिवसाला मात्र नाही. तो वाटा जोगतिणींकडे आला. परडी घेऊन, जग म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली पाटी डोक्यावर घेऊन जोगवा मागणाऱ्यांत लहानपणी देवीला सोडलेल्या मुली होत्या, तशा घर तुटल्यावर देवीचा आसरा घेतलेल्या बायकाही होत्या. देवाला मुली सोडण्यावर मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये आणि कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी आली.

जात्यावरच्या ओव्यांत हे दुःख सीतेच्या नावाने येते. गरोदर सीतेला रानात सोडले, ही गोष्ट बायका रामाच्या बाजूने गात नाहीत. रंगभूमीने वेगळी वाट धरली. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० मध्ये शाकुंतल रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचा काळ सुरू झाला. त्याची नायिका भर दरबारात नवऱ्याने ओळख नाकारलेली गरोदर बायको आहे. पण तिथे दोष शापाचा, आणि शेवटी राजा सापडतो. पुढे कितीतरी नाटका-चित्रपटांनी टाकलेल्या बाईला हेच काम दिले: वाट पाहणे. जी वाट पाहत नाही ती खलनायिका. काडी मोडून, दुसरे घर करून, चार पोरे वाढवून म्हातारी झालेली बाई या कथांत क्वचितच दिसते, गावात ती शंभर सापडतील.

काडीमोडीची इभ्रत विसाव्या शतकात आणखी उतरली. इंग्रजी निवाडे हे एक कारण, पण मोठे कारण देजाचा हुंडा झाला हे असावे. मुलीबरोबर पैसे जाऊ लागले, तशी परत आलेली मुलगी बापाला नुसती बुडीत रक्कम झाली. शिवाय वरच्या जातीसारखे दिसण्याची ओढ. ज्या घरांत आजीचा पाट लागला होता, त्याच घरांत नातीने वेगळे होण्याचे नाव काढले की ‘आपल्यात तसलं चालत नाही’ असे ऐकवतात.

मुसलमान घरांत तलाक आणि मेहर आहेत. नवऱ्यापासून सुटका मागायला बाईला १९३९ च्या कायद्याने आधार दिला. एका दमात तीनदा तलाक उच्चारून मोकळे होणे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरवले. खानापूर-बेळगावच्या ख्रिस्ती बायकांना १८६९ च्या कायद्यामुळे नवऱ्याच्या नुसत्या व्यभिचारावर घटस्फोट मिळत नसे, पुरुषाला मिळे. हा फरक २००१ मध्ये गेला.

निपाणीच्या तंबाखू वखारी आणि विडी कारखाने यांनी सोडलेल्या बायकांना हातात पगार दिला. धुरळ्यात, खोकत मिळवलेला हा पैसा थोडा होता, पण भावजयीच्या तोंडाकडे न पाहता खोली भाड्याने घेता येण्याइतका होता. विधवा, टाकलेल्या आणि जोगतिणी तिथे एका रांगेत बसत. त्यांच्या संघर्षावर १९८२ मध्ये माहितीपटही झाला. पलीकडे महाराष्ट्रात संगमनेरला १९८८ मध्ये परित्यक्तांची परिषद भरली आणि ‘परित्यक्ता’ हा सरकारी कागदावरही मागता येण्याजोगा वर्ग झाला.

आजचा पेच कागदाचाच आहे. खूप बायका घटस्फोटित नसतात, नुसत्या सोडलेल्या असतात. गळ्यात मंगळसूत्र, नवरा दुसरीकडे, कोर्टाचा हुकूमनामा नाही. चंदगड किंवा कागल तालुक्यातली अशी बाई महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार योजनेत परित्यक्ता म्हणून अर्ज करू शकते. तिची बेळगावकडे दिलेली बहीण कर्नाटकाच्या ‘मनस्विनी’ योजनेकडे जाते. ही योजना २०१३ ची, चाळीस ते चौसष्ट वर्षांच्या गरीब अविवाहित आणि घटस्फोटित बायकांसाठी. सुरुवातीला महिना ५०० रुपये होते, पुढे ८०० झाले. तिथे घटस्फोटाचा कागद लागतो. कर्नाटकाच्याच ‘गृहलक्ष्मी’ योजनेचे महिना २००० रुपये रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला मिळतात, आणि माहेरी परतलेलीचे नाव आई किंवा भावजयीच्या कार्डावर असते, तेही चढवलेले असेल तर.

पंचांची काडीमोड मात्र कायद्यातून पुरती गेलेली नाही. हिंदू विवाह कायद्याच्या २९ व्या कलमाने रूढीने मिळणारा घटस्फोट राखून ठेवला आहे. अट एवढीच की जातीत ती रूढी जुनी आणि अखंड चालत आल्याचे जो सांगेल त्याने शाबीत करायचे. मुद्रांकाच्या कागदावर दोघांच्या सह्या घेऊन केलेल्या सोडचिठ्ठ्या अजूनही सर्रास होतात. वाद निघाला की रूढीचा पुरावा मागितला जातो, आणि तो देता आला नाही तर पुन्हा लग्न केलेली बाई कायद्याच्या लेखी पहिल्याच नवऱ्याची बायको ठरते.