टिंब अंशानंतरचं की मिनिटानंतरचं?

अमेरिकेतल्या भाच्याने ऑरेगनच्या किनाऱ्यावरून ठिकाण पाठवलं: उत्तर ४६° १०.७', पश्चिम १२३° ५८.९'. 'पीटर आयरडेल' हे चार डोलकाठ्यांचं जहाज २५ ऑक्टोबर १९०६ रोजी तिथे वाळूत रुतलं. माणसं सगळी वाचली, गंजका सांगाडा अजून उभा आहे. मी नाशिकरोडला घरबसल्या मोबाईलवर ४६.१०७ आणि उणे १२३.५८९ टाकलं, तर जहाज समुद्र सोडून पंचवीस-तीस किलोमीटर आत निघालं!

"मामा, ६० ने भागायचं राहिलं," इति भाचा.

अंश-मिनिटांच्या पद्धतीत टिंब मिनिटानंतर येतं. एका अंशाची मिनिटं ६०, म्हणून १०.७ भागिले ६० म्हणजे ०.१७८, आणि अक्षांश झाला ४६.१७८. दशांश अंशांत टिंब थेट अंशानंतर येतं, भागाकार आधीच झालेला असतो. आपले मोबाईलचे नकाशे बहुतेक हीच दुसरी पद्धत दाखवतात. जिओकॅशिंगवाले, म्हणजे डबे लपवून त्यांचे अक्षांश-रेखांश जाहीर करणारी मंडळी, पहिलीला धरून आहेत. (पहिला डबाही ऑरेगनमध्येच लपवला गेला, ३ मे २००० रोजी. त्याच्या आदल्याच दिवशी सामान्यांसाठी मुद्दाम बिघडवून दिला जाणारा जीपीएस सिग्नल अमेरिकेने मोकळा केला होता.)

खलाशांना मिनिटंच सोयीची, कारण अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळपास एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. नकाशाच्या कडेला डिव्हायडर लावला की अंतर हातात. बुडालेल्या जहाजांच्या जागाही त्यामुळे सागरी नकाशांवर मिनिटांतच वाचायच्या.

घोळ किती मोठा होतो ते पांडवलेणीवर करून पाहा. लेणी साधारण १९° ५६.५', ७३° ४४.९' वर आहेत. हेच १९.५६५, ७३.४४९ असं वाचलंत तर कसारा घाट उतरून खाली, पन्नासेक किलोमीटर लांब पोहोचाल. खरे दशांश अंश १९.९४२, ७३.७४८.

ओळखायचं कसं? मधे मोकळी जागा किंवा ° असेल आणि पुढचा आकडा ६०च्या आत असेल, तर मिनिटं. सलग आकडा असेल, तर दशांश. अंश-मिनिट-सेकंद ही तिसरी पद्धतही आहे, पण तिच्यात तीन आकडे असल्याने फसगत कमी.

अचूकतेत मात्र दोन्ही सारख्याच. अक्षांशात मिनिटाचं तिसरं दशांश स्थळ जेमतेम दोन मीटरचं आणि अंशाचं पाचवं एक मीटरचं. मोबाईल उघड्यावरही चार-पाच मीटर इकडेतिकडे करतो, म्हणजे कपारीतला डबा शेवटी डोळ्यांनीच शोधायचा, तोही भरतीची वेळ बघून.

आणि ते उणे चिन्ह. नाशिक उत्तरेला आणि पूर्वेला, म्हणून आपल्याला त्याची सवयच नाही. भाच्याच्या दुसऱ्या ठिकाणाला मी भागाकार बरोबर केला, उणे विसरलो. किनाऱ्यावरचा डबा ईशान्य चीनमध्ये निघाला.