सेन्सिटिव्हिटी आणि पीपीव्ही: छेदात कोण आहे ते आधी बघा

"तपासणीची सेन्सिटिव्हिटी ९० टक्के, म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या १०० जणांत ९० आजारी." कम्युनिटी मेडिसिनच्या तोंडी परीक्षेत हे उत्तर पुन्हा पुन्हा येतं. इंटर्नशिपमध्ये हाच विद्यार्थी शिबिरातल्या निरोगी माणसाला आजारी ठरवून घरी पाठवतो, म्हणून ही चूक अर्ध्या मार्काची समजू नये.

सेन्सिटिव्हिटी सगळ्यांना पाठ असते: खरोखर आजारी असलेल्यांपैकी किती सापडले. पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू, म्हणजे पीपीव्ही, विचारते की पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरे आजारी किती. अंश दोन्हींचा एकच, खरे पॉझिटिव्ह. घोळ छेदात होतो.

आकडे मांडूनच बघा. सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी (खरोखर निरोगी असलेल्यांपैकी किती निगेटिव्ह आले) दोन्ही ९० टक्के धरा. नाशिक शहरातल्या ओपीडीत लक्षणं घेऊन आलेले १००० जण, त्यांत २०० आजारी. १८० सापडतील आणि ८०० निरोगींपैकी ८० विनाकारण पॉझिटिव्ह येतील. पीपीव्ही २६० पैकी १८०, सुमारे ६९ टक्के. आता तेच किट घेऊन पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर घरोघरी १००० जण तपासा, त्यांत आजारी फक्त १० धरा. खरे पॉझिटिव्ह ९, खोटे ९९. पीपीव्ही १०८ पैकी ९, जेमतेम ८ टक्के! किट तेच, हात तेच. फक्त आजाराचं प्रमाण २० टक्क्यांवरून १ टक्क्यावर आलं.

म्हणूनच किटच्या माहितीपत्रकातली पीपीव्ही प्रकल्प अहवालात उतरवणं मला अजिबात मान्य नाही. ती ज्या लोकांवर काढली, त्यांच्यापुरतीच खरी. १०० रुग्ण आणि १०० निरोगी मुद्दाम निवडून केलेल्या अभ्यासातली पीपीव्ही तर गावासाठी निरुपयोगीच, कारण तिथलं आजाराचं प्रमाण संशोधकाने ठरवलेलं असतं. (सेन्सिटिव्हिटीही अगदी अचल नसते, बळावलेले रुग्ण जास्त असले की ती फुगते.)

स्पेसिफिसिटी आणि निगेटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू, म्हणजे एनपीव्ही (निगेटिव्ह आलेल्यांपैकी खरे निरोगी किती), यांच्यातही हाच फरक, फक्त निरोगी आणि निगेटिव्ह यांच्या बाजूने.

शिकवताना तक्त्यातल्या चार चौकटींच्या ए, बी, सी, डी अक्षरांची सूत्रं आधी देऊ नयेत. एखाद्या पुस्तकात तक्ता आडवा-उभा फिरलेला असला की पाठांतर कोसळतं. आधी १००० माणसं, मग आजारी-निरोगी अशी वाटणी, मग तपासणी, आणि सूत्र सगळ्यात शेवटी. शिबिराला निघण्यापूर्वी प्रत्येक गटाकडून अपेक्षित पॉझिटिव्हांचा आणि त्यांतल्या खोट्यांचा आकडा लिहून घ्यावा आणि सगळ्या पॉझिटिव्हांच्या खात्रीच्या तपासणीची सोय झाली आहे का, तेही विचारावं.