बशीतून बोटं दिसली म्हणजे ती जुनी?
फेब्रुवारी आला की नाशिकमध्ये व्हॅलेंटाइनच्या जेवणासाठी जुन्या कपबश्या शोधणारे भेटतात. ‘उजेडासमोर धरून मागची बोटं दिसली की माल जुना,’ हे वाक्य ठरलेलं. चूक. उजेड आरपार येतो तो पोर्सिलेन किंवा बोन चायना या चिनी मातीच्या प्रकारांमुळे. गेल्या महिन्यात भट्टीतून निघालेली बशीही तशीच दिसेल. वयासाठी बशी पालथी करा. खाली ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असेल, तर ती दुसऱ्या महायुद्धानंतर जपान परक्या सैन्याच्या ताब्यात (ऑक्युपाइड) होता तेव्हाची, उशिरात उशिरा १९५२ची. (शिक्के खोटेही मारतात म्हणा.) खरंच जुनी निघाली तर टेबलावर झकास दिसते, पण जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि ते आंबट पदार्थांत उतरतं. म्हणून वाइन, लिंबू, द्राक्षं नव्या भांड्यांत घ्या. जुनी बशी फुलांसाठी ठेवा.