फोन खिशातच होता, मग रत्नागिरी येईपर्यंत बॅटरी संपली कशी?

गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाडीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मी फोन हातात पण घेतला नाही, तरी चार्जिंग निम्म्यावर, बॅटरीच गेली वाटतं याची." मग परत आल्यावर धडधाकट बॅटरी बदलली जाते. बॅटरीचा बहुतेक वेळा काही दोष नसतो, खिशातला फोन गप्प बसलेला नसतो एवढंच, आणि तो आत काय करत असतो ते मला मोबाईल तंत्रज्ञानातलं सगळ्यात सुंदर प्रकरण वाटतं.

आपण सिग्नलच्या दांड्या बघतो. पण दांडी म्हणजे नेमकं किती हे कुठल्याही नियमात ठरलेलं नाही, प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. 2010 मध्ये आयफोन 4 च्या वेळी अ‍ॅपलने स्वतःच मान्य केलं होतं की फोन कित्येकदा दोन दांड्या जास्त दाखवतोय. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या मापात असतो, अँड्रॉइडवर बहुतेक फोनमध्ये सेटिंगमधल्या 'अबाउट फोन'मध्ये 'सिम स्टेटस'ला सापडतो. तो उणे असतो, 4जीला -80 म्हणजे मस्त, -110 म्हणजे रडतखडत, -120 म्हणजे गेलंच. आता यातली गंमत अशी की दर 10 आकड्यांना ताकद दहापट बदलते, म्हणजे -75 वरून -115 ला आलात तर सिग्नल 40 ने नाही, दहा हजार पटीने कमी झाला.

आता मुख्य गोष्ट. टॉवरचं आपल्याला ऐकू येणं हा अर्धाच व्यवहार, आपल्या फोनचंही टॉवरला ऐकू जायला हवं, आणि टॉवरकडे भरपूर वीज आहे, फोनकडे चिमूटभर बॅटरी. त्यात एकाच टॉवरशी शेकडो फोन बोलत असतात, जवळचा फोन उगाच बोंबलायला लागला तर लांबच्या बिचाऱ्याचं काही ऐकूच येणार नाही. म्हणून नियम असा की प्रत्येकाने गरजेपुरताच आवाज काढायचा. गरज किती हे कसं कळणार? तर टॉवर एक ठरलेला सिग्नल सतत पाठवतो आणि तो किती ताकदीने पाठवतोय हेही सांगतो, फोन आपल्यापर्यंत किती पोचलं ते मोजतो, वजाबाकी करतो, वाटेत किती गळालं ते कळतं, आणि जाताना पण साधारण तेवढंच गळणार हे धरून आपली ताकद वाढवतो. वर पुन्हा टॉवर सूचना देत राहतो, थोडं वाढव, आता कमी कर. 3जीमध्ये तर या सूचना सेकंदाला 1500 वेळा यायच्या! 4जी फोन जास्तीत जास्त 23 डीबीएम म्हणजे 200 मिलीवॉटने पाठवतो आणि कमीत कमी -40 डीबीएमने, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात 20 लाख पटींचा फरक.

आणि ते 200 मिलीवॉट अँटेनातून बाहेर पडणारे झाले. ते काढायला आतला अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीतून एक वॉट किंवा जास्तच ओढतो, उरलेली उष्णता, म्हणून घाटात फोन खिशात कोमट लागतो. शिवाय सिग्नल वाईट असला की डेटा सावकाश पाठवावा लागतो, चुकलेला परत पाठवावा लागतो, म्हणजे जो फोटो सेकंदात गेला असता त्याला मिनिट लागतं आणि तेवढा वेळ रेडिओ पूर्ण जोरात चालू. एसी डब्यात तर चारी बाजूंनी पत्रा आणि बंद काचा, त्यात सिग्नल अजून पडतो.

बोगद्यात मात्र वेगळंच होतं. टॉवर ऐकूच येत नाही तेव्हा फोन ओरडत नाही, तो शोधतो. एरवी पडून असलेला फोन सेकंद-सव्वा सेकंदाने काही मिलिसेकंद जागा होतो, मला कॉल आहे का बघतो, परत झोपतो. नेटवर्क गेलं की ही झोप मोडते, 700, 850, 900, 1800, 2100, 2300, 2500, 3500 मेगाहर्ट्झ असे जेवढे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, त्याला येतात ते एकेक करून चाळत बसतो, आणि दुसरं सिम असेल तर त्याच्यासाठी परत वेगळं. बराच वेळ काही मिळालं नाही तर तो शोध कमी करतो, पण कोकण रेल्वेवर 90 हून जास्त बोगदे, एकातून बाहेर पडला, टॉवर सापडला, नोंदणी केली, साठलेले मेसेज यायला लागले की पुढचा बोगदा, पुन्हा पहिल्यापासून. उक्षी आणि भोके स्टेशनच्या मधला करबुडेचा बोगदा तर एकटाच साडेसहा किलोमीटर आहे.

इथे एक सांगायलाच हवं. फोनच्या मागे चिकटवायचे ते सोनेरी 'रेडिएशन रोखणारे' स्टिकर निव्वळ फसवणूक आहेत. ते खरंच लहरी अडवत असते तर फोनने वजाबाकी करून ताकद वाढवलीच असती, म्हणजे रेडिएशन वाढलं असतं आणि बॅटरी पण लवकर गेली असती. टॉवर जवळ असेल तर डोक्याशी धरलेला आपला फोन उलट कमी ताकदीने पाठवतो, हे टॉवर नको म्हणणाऱ्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी बोलत नाही. 'नेटवर्क बूस्टर' अ‍ॅप पण तसलंच, ताकद किती ठेवायची ते टॉवर ठरवतो, अ‍ॅप नाही.

मग करायचं काय, तर चिपळूण ते रत्नागिरी फोन सरळ फ्लाइट मोडवर टाका, तसेही त्या पट्ट्यात अर्धे कॉल लागत नाहीत. दर बोगद्याला चालू-बंद करू नका, प्रत्येक वेळी नव्याने शोध आणि नोंदणी होते. जीपीएस फक्त ऐकतं, पाठवत काही नाही, ते बहुतेक फोनमध्ये फ्लाइट मोडवर पण चालतं, मॅप निघायच्या आधी घरच्या वायफायवर डाउनलोड केलेला असला की झालं. फोन चालू ठेवायचाच असेल तर न लागणारं सिम बंद करा, 5जी सारखं येतंय जातंय असं दिसलं तर 4जीवर ठेवा, फोटोंचा बॅकअप थांबवा आणि फोन बॅगेच्या तळाशी न ठेवता खिडकीशी ठेवा.

गावच्या घरी पण तेच चालू राहतं, जाड चिऱ्याच्या भिंती, आत -118 आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, -100, म्हणून सगळे खळ्यात उभे राहून बोलतात. घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, नसेल तर फोन रात्री खिडकीत ठेवा. आणि बॅटरी खरंच गेली का हे बघायचं असेल तर मुंबईला परत आल्यावर -80 च्या आसपास आकडा असताना फोन रात्रभर नुसता ठेवून द्या, सकाळी चार-पाच टक्केच उतरला असेल तर बॅटरी ठणठणीत आहे, आणि तरीही निम्मा झाला असेल तर आधी कुठलं अ‍ॅप रात्रभर चाललं ते सेटिंगमध्ये बघा, तिथेही काही दिसलं नाही तरच बदला.