आरामखुर्चीचा जीर्णोद्धार (सातारा जिल्हा)

विसाव्या शतकाच्या मध्यावर, ढोबळमानाने १९४५ ते १९७० या काळात घडलेल्या आरामखुर्च्या दुरुस्त करून आजच्या घरांत पुन्हा वापरात आणण्याचे काम. बुटकी, रुंद बैठक, मागे कललेली पाठ, उघडे लाकूड आणि नक्षीचा जवळजवळ अभाव ही या खुर्च्यांची ओळख. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी रचनाकार दांपत्याची १९५६ सालची वाकवलेल्या प्लायवूडची, चामडी गाद्यांची खुर्ची जगभर गाजली. भारतात चंदीगडच्या कार्यालयांसाठी स्विस वास्तुरचनाकार पिएर जानरे यांनी सागवान आणि वेत वापरून खुर्च्या रचल्या. पुढे त्या भंगारात निघाल्या, कवडीमोलाने लिलावात गेल्या आणि परदेशात प्रचंड किमतीला विकल्या गेल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांच्या निर्यातीला अटकाव केला, पण तोवर बऱ्याच गेल्या होत्या.

साताऱ्यात दुरुस्तीला येणारी खुर्ची सहसा अनामिक सुताराची असते. पाचगणी-महाबळेश्वरच्या बंगल्यांच्या व्हरांड्यातली, किंवा शहराच्या जुन्या पेठांमधल्या वाड्यांच्या सोप्यावरची. तिला कमी लेखू नये. तिचा सागवान आज पैसे मोजूनही सहज मिळत नाही. महाबळेश्वरला वेतकामाची ओळखही जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे ठेवलेले चिनी कैदी वेताच्या वस्तू विणत.

खुर्ची बिघडते ती मुख्यतः हवेने. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या दमटपणात वेत काळा पडतो, सरस सुटतो आणि सांधे हलू लागतात. उन्हाळ्यात तोच वेत कोरडा होऊन तुटतो. जुना सरस गरम पाण्याने विरघळतो, म्हणून सांधा लाकूड न दुखावता उघडता येतो. खिळे ठोकून किंवा रेझिन ओतून केलेली ‘पक्की’ दुरुस्ती ही सोय कायमची संपवते. सागवान तेलकट असल्याने नवा गोंद लावण्यापूर्वी सांध्याचा पृष्ठभाग ताजा खरवडावा लागतो.

सर्वाधिक नुकसान मात्र घासकामात होते. मशीनने घासून चकाचक केलेल्या लाकडाचा, पन्नास-साठ वर्षांत मुरलेला रंग एका दुपारीत जातो. लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे डाग पडला तर तेवढाच भाग सुधारता येतो; पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या वार्निशचा) थर चढवला की पुढच्या वेळी सगळा उतरवावाच लागतो. बैठकीचा वेत भिजवून, चौकटीच्या भोकांतून उभा, आडवा आणि तिरपा असा विणतात. अष्टकोनी जाळी तयार होते आणि वाळताना ती ताणली जाते. तयार जाळी खाचेत पट्टीने दाबून बसवणे स्वस्त पडते, पण मूळ चौकटीला भोके असतील तर हातविणीच करावी.

फ्लॅटमध्ये अडचण जागेची. पाठ कलती आणि पाय पसरलेले, म्हणून एका खुर्चीला पुढे-मागे दीड मीटरभर जागा लागते. सोफ्यांच्या रांगेत कोंबली तर ती निरुपयोगी ठरते. बुटक्या बैठकीवरून उठताना वयस्करांना त्रास होतो. त्यासाठी पायांना तुकडे जोडण्यापेक्षा घट्ट गादी घालावी, ती काढताही येते. सैल पडलेल्या वेतावर खालच्या बाजूने ओले फडके फिरवून सावलीत वाळवले, तर तो पुष्कळदा पुन्हा ताठ होतो. पावसाळ्यात बंद राहणाऱ्या बंगल्यात खुर्ची भिंतीपासून दूर ठेवावी आणि प्लास्टिकने झाकू नये; आत कोंडलेल्या दमटपणाने बुरशी धरते.