जुनी खाती एक का होत नाहीत: सेटी अॅट होमची जुनी भानगड

"माझी सेटी अॅट होमची दोन खाती जोडून द्या ना" म्हटलं की उत्तर ठरलेलं, होत नाही. यात कुणाचा आडमुठेपणा नाहीये, गोम १९९९ मधे आहे.

त्या वर्षी १७ मेला बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून सेटी अॅट होम सुरू झालं, परग्रहांवरच्या जीवांचे रेडिओ संकेत शोधायचा प्रकल्प. पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीचा डेटा टेपवर भरून टपालाने बर्कलीला यायचा (हो, टपालाने!), तिथे त्याचे साधारण ३५० केबीचे तुकडे पाडायचे आणि ते जगभरातल्या लोकांच्या पीसीवर स्क्रीनसेव्हर चालू असताना तपासले जायचे. बदल्यात काय, तर नावापुढे वर्कयुनिटचा, म्हणजे तपासलेल्या तुकड्यांचा, आकडा. आणि तुमची ओळख म्हणजे तुमचा ईमेल, बस. तेव्हा ईमेल जो असेल तो दिला जायचा, कॉलेजचा, डायलअपच्या पॅकेजबरोबर आलेला, कसलाही. मी ऑफिसचा दिला होता, रात्री मशीन चालू ठेवून जायचो आणि सकाळी आल्याआल्या चहाच्याही आधी युनिट संपलं का ते बघायचो, पुढे नोकरी सुटली तसा तो मेलही गेला.

मग आलं बॉइंक. सेटीच्याच डेव्हिड अँडरसन यांच्या टीमने एकाच सॉफ्टवेअरवर असे अनेक प्रोजेक्ट चालावेत म्हणून ते बनवलं, २००४ मधे सेटी त्यावर आलं आणि डिसेंबर २००५ ला जुनं 'क्लासिक' बंद. क्लासिकचा ईमेल नव्या खात्याशी जुळला तर जुने आकडे दिसणार, नाहीतर नाही. तेही वेगळ्या ओळीत, क्लासिक वर्कयुनिट इतके, सीपीयू तास इतके. नव्या क्रेडिटमधे, म्हणजे बॉइंकच्या गुणांत, ते मिळवले नाहीत आणि मला ते बरोबरच वाटतं, कारण क्लासिकमधे नुसती युनिट मोजायची आणि बॉइंकमधे मशीनने किती गणित केलं ते. किलो आणि डझनाची बेरीज कशी करणार?

बॉइंकमधे एकच पीसी दोनदा नोंदला गेला तर ते मर्ज करता येतं, ते बटणच आहे. खात्यांना नाही. एक तर क्रेडिट नुसतं तुमच्या नावावर नसतं, मशीनवर असतं, टीमवर असतं, शिवाय तेच आकडे रोज बाहेरच्या स्टॅट्सवाल्यांकडे, म्हणजे सगळ्यांचे आकडे मांडणाऱ्या साइट्सकडे, जातात. दुसरं म्हणजे एकच युनिट दोन वेगळ्या लोकांना देऊन उत्तरं ताडून बघायची पद्धत, आता ते दोघे म्हणजे तुमचीच दोन खाती निघाली तर ती तपासणी कसली!

मधला मार्ग म्हणून क्रॉस प्रोजेक्ट आयडी काढला. सगळ्या प्रोजेक्टांत ईमेल एकच ठेवायचा, एकाच मशीनवर ते सगळे जोडायचे, मग सगळ्यात जुन्या खात्याचा आयडी हळूहळू बाकीच्यांकडे पसरतो आणि स्टॅट्समधे तुम्ही एक माणूस दिसता. पण हे वेगवेगळ्या प्रोजेक्टांतल्या खात्यांचं झालं, एकाच प्रोजेक्टमधल्या दोन खात्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. डिस्ट्रिब्युटेड डॉट नेट या अशाच दुसऱ्या प्रकल्पाने मात्र जुना ईमेल 'रिटायर' करून त्याचं काम नव्याच्या नावे दाखवायची सोय आधीच ठेवली होती, तिथे हे जमलं.

३१ मार्च २०२० पासून सेटीने नवीन काम देणं थांबवलं. त्यामुळे ऑफिसच्या मेलवरची माझी ती युनिट आता तिथेच, माझ्याच दुसऱ्या खात्यापासून वेगळी.