ऑइल सील तेल अडवत नाही, परत ढकलतं

माझ्या अठरा वर्षं जुन्या गाडीखाली रोज सकाळी बशीएवढा काळा डाग दिसू लागला. डाग नेमका इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्या सांध्याखाली. गॅरेजमध्ये निकाल मिनिटभरात लागला: "क्रँकचं मागचं ऑइल सील गेलं. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." सील म्हणजे एक रबरी कडं. पण त्याच्यापर्यंत पोचायचं तर गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील असं सगळं बिऱ्हाड हलवायचं. मी विचार करायला वेळ मागितला आणि घरी येऊन आधी हे सील काम कसं करतं तेच वाचत बसलो. त्यात इतका रमलो की गाडी दोन दिवस बाजूलाच राहिली.

आपल्याला वाटतं, सील म्हणजे बाटलीचं बूच. पण बुचाखाली काही फिरत नसतं. इथे मधोमध क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरतो. सीलच्या जागी त्याचा व्यास ८० मिलिमीटर धरला, तर परीघ झाला साधारण २५ सेंटिमीटर. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे, म्हणजे सीलच्या ओठाखालून धातू सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने सरकतो. ताशी ४५ किलोमीटर! कोरडं रबर एवढ्या वेगाने घासलं गेलं तर थोड्याच वेळात जळेल. म्हणजे ओठाखाली तेल हवंच. मग ते तेल बाहेर का येत नाही?

उत्तर ओठाच्या आकारात आहे. हा ओठ पाचरीसारखा असतो आणि त्याच्या पाठीवर बसवलेली बारीक गोल स्प्रिंग त्याला शाफ्टवर दाबून धरते. तेलाच्या बाजूला ओठाचा उतार तीव्र असतो, हवेच्या बाजूला सपाट. त्यामुळे दाब सगळीकडे सारखा पडत नाही. तेलाच्या कडेला तो झपकन चढतो आणि हवेकडे हळूहळू उतरतो. पुढचा भाग जरा किचकट आहे, पण खरी गंमत तिथेच आहे. थोडं चालल्यावर रबराच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म उंचवटे तयार होतात. फिरता शाफ्ट त्यांना आपल्याबरोबर ओढतो. जिथे दाब जास्त तिथे ओढही जास्त, म्हणून प्रत्येक उंचवटा ताणलेल्या धनुष्यासारखा वाकतो. धनुष्याचा मधला फुगवटा तेलाच्या बाजूला सरकलेला, त्यामुळे हवेकडची भुजा लांब आणि तेलाकडची आखूड. दोन्ही भुजा तिरक्या पात्यांसारखं तेल मधल्या फुगवट्याकडे लोटतात. या रस्सीखेचीत लांब भुजा जिंकते आणि बाहेर निघालेलं तेल पुन्हा आत जातं. या सगळ्या खेळातला तेलाचा थर असतो जेमतेम मायक्रॉनभर, केसाच्या जाडीच्या कित्येक पटींनी पातळ.

म्हणजे चांगलं सील हा एक पंप आहे. पुरावा हवा असेल तर ते उलटं बसवून पाहा. गाडी चालू झाली की ते तितक्याच निष्ठेने तेल बाहेर उपसायला लागतं. आणि या पंपावर एक अट आहे: आत-बाहेर हवेचा दाब साधारण सारखा हवा.

ती अट जुन्या इंजिनात मोडते. पिस्टनच्या रिंगांमधून जळलेला वायू थोडाथोडा खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या पेटीत, झिरपतच असतो. तो शोषून पुन्हा इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा आत घेतं त्या वाटेत, पाठवायला पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. तो काजळी आणि चिकट गाळाने तुंबला की वायूला वाट उरत नाही. मग आतला दाब वाढतो आणि तेल सापडेल त्या फटीतून बाहेर येतं. त्यात गाडीतली पॅकिंग म्हातारी झालेली असतात. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. शंभर अंशांच्या आसपासच्या तेलात वर्षानुवर्षं राहिलेलं रबर कडक होतं, दाबलं गेलं तसंच बसून राहतं, उसळत नाही.

मग मी शोध घ्यायला बसलो. इथली पहिली चूक सगळेच करतात. थेंब जिथे पडतो तिथेच भोक शोधतात. तेल लोखंडाला चिकटून खाली ओघळतं, चालत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलतो, आणि सगळ्यात खालचा कोपरा सापडला की तिथून ते टपकतं. म्हणून आधी थंड इंजिन डिग्रीझरने धुऊन कोरडं केलं. मग तेलात चमकणारा रंग टाकला, थोडी गाडी फिरवली आणि अंधारात अतिनील टॉर्च मारला. असा रंग न दिसणारा अतिनील प्रकाश गिळतो आणि दिसणारा हिरवट-पिवळा प्रकाश बाहेर टाकतो. या गुणाला १८५२ साली जॉर्ज स्टोक्स यांनी फ्लोरस्पार या खनिजावरून फ्लोरेसन्स हे नाव दिलं. (गाडीखाली शिरायचं तर ती स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही.)

सांध्याखाली पिवळा डाग होताच. पण त्याच्या वरून एक पिवळी रेघ ब्लॉकच्या मागच्या अंगाने थेट वर गेली होती, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यापर्यंत. चालू इंजिनावर तेलाचं झाकण उघडून तोंडावर कागद धरला. तो हलकासा आत ओढला जायला हवा. माझा उडाला, म्हणजे आत दाब साचला होता.

जाता जाता बाटलीतल्या जादूबद्दल. "गळती बंद" म्हणून विकली जाणारी औषधं बहुधा रबर थोडं फुगवतात. सील नुसतं कडक झालं असेल तर काही दिवस फरक पडतोही. पण फाटलेलं पॅकिंग त्याने जुळत नाही, शाफ्टवर पडलेली चरी भरत नाही, तुंबलेला व्हॉल्व्ह मोकळा होत नाही. "सिंथेटिक तेल घातलं की गळती सुरू होते" ही समजूतही जुन्या काळातली. सुरुवातीची काही सिंथेटिक तेलं रबर आकसवत, हे खरं. आता तेल बनवतानाच रबर फुगवणारे घटक घालून तो तोल सांभाळतात.

दुरुस्ती तासाभराची निघाली. पीसीव्ही व्हॉल्व्ह नवा घातला, टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, दोन्ही पृष्ठभाग खरवडून स्वच्छ केले. बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने थोडेथोडे आवळले. इथे जोर दाखवायचा मोह फार होतो, पण जास्त आवळलं की झाकण वाकतं आणि गळती नव्याने सुरू होते. मग सगळं पुन्हा धुतलं आणि गाडीखाली पुठ्ठा पसरला.

आता तीन आठवडे झाले. पुठ्ठ्यावर एसीच्या पाण्याचे वाळलेले ठसे आहेत, तेल नाही. गिअरबॉक्स जागच्या जागी आहे आणि 'गेलेलं' सील अजून तेल आत ढकलतंय.